फ्लूची लस: धोरण ठरवताना पुरावा कोणता धरायचा?

शैलजा (धागाकर्ती)

आजार आणि लसी यांच्या नोंदी तपासण्याचं काम मी वीस वर्षं करते आहे. तरी आज जे लिहिते आहे ते संगणकासमोर बसून उमगलं नाही, एका वृद्धाश्रमात उमगलं.

फ्लूच्या लसीकरणाचा दिवस होता, मी मदतीला गेले होते. तळमजल्यावरच्या हॉलमध्ये टेबल, शेजारी लशींची शीतपेटी, समोर खुर्च्यांची रांग. माझ्या हातात यादी. नाव पुकारायचं, माणूस आला की सही घ्यायची, सिस्टर दंडात सुई टोचणार, मी नावापुढे खूण करणार. कुणी काठी टेकत आलं, दोघी बहिणी एकमेकींचा हात धरून आल्या. दुपार कलली तेव्हा यादीत अकरा नावं कोरी होती. विचारलं तर कळलं, ही सगळी वरच्या मजल्यावरची, अंथरुणाला खिळलेली माणसं. एकाला ताप, एकीच्या संमतीपत्रावर सही करायला मुलगी पोचली नव्हती, बाकीच्यांचं "पुढच्या खेपेला बघू". शीतपेटी बंद झाली, टेबल उचललं गेलं.

पुढच्या दोन महिन्यांत त्या अकरांतले चौघं गेले. खूण असलेल्या साठांपैकी एक. फ्लूची साथ तेव्हा सुरूही झाली नव्हती.

आता ही यादी जशीच्या तशी अभ्यासाला घ्या. लस घेतलेल्या साठात एक मृत्यू, न घेतलेल्या अकरात चार. लशीने मृत्यूचा धोका विसाव्या हिश्शाच्याही खाली आणला, असं उत्तर येईल. गणितात एकही चूक नसेल आणि उत्तर साफ खोटं असेल. कारण लस मिळाली ती जिना उतरू शकणाऱ्यांना, आणि जिना उतरू शकणारी माणसं तशीही जास्त जगतात.

ज्येष्ठांच्या फ्लू लसीकरणाचं धोरण बरीच वर्षं अशाच याद्यांवर उभं होतं. १९५७ च्या जागतिक साथीनंतर, १९६० मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी (सरकारचे मुख्य आरोग्य अधिकारी) पासष्टीपुढच्यांना, जुनाट आजार असलेल्यांना आणि गरोदर स्त्रियांना दरवर्षी लस द्यावी अशी शिफारस केली. त्या गटांत लशीची नीट चाचणी झालेली नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तरुण सैनिकांत ती चालली होती, आणि फ्लूने जास्त मरतात ती म्हातारी माणसं, तेव्हा त्यांना द्या, असा तो सरळ विचार. हेतू चांगलाच होता. पण एकदा शिफारस झाली की अर्ध्या म्हाताऱ्यांना मिठाच्या पाण्याची सुई देऊन चाचणी करणं अनैतिक ठरतं. मग हातात उरतात त्या याद्या. त्यांवरून पुढची कित्येक वर्षं निष्कर्ष निघत राहिले की हिवाळ्यात ज्येष्ठांचे कुठल्याही कारणाने होणारे मृत्यू लस निम्म्याने कमी करते.

२००५ मध्ये साथरोगतज्ज्ञ लोन सिमोनसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला. हिवाळ्यातल्या एकूण मृत्यूंत फ्लूमुळे होणारे दहा टक्क्यांच्या आत असतात, मग लस निम्मे कसे टाळेल? अमेरिकेत १९८० च्या सुमारास ज्येष्ठांतलं लसीकरण १५ टक्क्यांच्या आसपास होतं, २००१ पर्यंत ते ६५ टक्क्यांवर गेलं. मृत्यूंचा आलेख त्याला साजेसा खाली आलाच नव्हता. पुढच्या वर्षी लिसा जॅक्सन यांच्या गटाने पासष्टीपुढच्या ७२,५२७ जणांच्या नोंदी तपासल्या आणि मुद्दाम फ्लू यायच्या आधीचे आठवडे पाहिले. त्या आठवड्यांत न घेतलेल्यांचा मृत्यूचा धोका १ धरला तर घेतलेल्यांचा ०.३९ होता. साथीच्या दिवसांत तो ०.५६. म्हणजे फ्लू नसतानाच लशीचा "फायदा" जास्त दिसत होता! माझी अकरा कोरी नावं त्या ०.३९ मध्ये बसलेली आहेत.

मी स्वतः दरवर्षी ही लस घेते आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांना देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने मोसमी फ्लूशी जोडलेल्या श्वसनविकारांनी दरवर्षी २.९ ते ६.५ लाख माणसं मरतात. लस नकोच म्हणण्याइतका हा आजार किरकोळ नाही. माझं म्हणणं एवढंच की फायदा आहे तेवढाच सांगावा, आणि धोरण राबवतानाच त्यातून पुढचं उत्तर मिळेल अशी सोय करावी. साठ वर्षं आपण उलट केलं: आधी शिफारस, मग तिला आधार शोधणं. इथले डॉक्टर, प्रयोगशाळेत काम करणारे, स्वतः लस घेणारे आणि न घेणारे, सगळ्यांनी लिहावं.

वाटसरू

शैलजाताई, दोनदा वाचलं. अकरा नावांचा भाग डोक्यातून जात नाही. पण सामान्य माणूस म्हणून विचारतो. मृत्यूंचं बाजूला ठेवू, लस फ्लू तरी थांबवते का? एका वर्षी ६० टक्के म्हणतात, दुसऱ्या वर्षी १० टक्के. गोवराच्या लशीबद्दल असं कधी ऐकलं नाही. आकडाच दरवर्षी बदलतो, त्यावर कायमचं धोरण कसं करायचं?

शैलजा

थांबवते, पण सगळ्यांचा नाही. इथे चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या खऱ्या चाचण्या आहेत. नेदरलँड्समध्ये साठीपुढच्या १,८३८ जणांवर झालेली आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी मला महत्त्वाची वाटते. मिठाच्या पाण्याची सुई मिळालेल्यांत रक्ततपासणीनुसार ९ टक्क्यांना फ्लू झाला, लस मिळालेल्यांत ४ टक्क्यांना. निम्म्याहून कमी. मात्र मृत्यूंबद्दल काही सांगायला १,८३८ माणसं फार थोडी.

कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या संस्थेने, २०१८ मध्ये अशा चाचण्या एकत्र मांडल्या. निरोगी प्रौढांत फ्लूचं प्रमाण २.३ टक्क्यांवरून ०.९ वर येतं, म्हणजे साधारण ७१ जणांनी लस घेतली की एकाचा फ्लू टळतो. ज्येष्ठांत ६ वरून २.४, म्हणजे ३० जणांमागे एक. हेच "साठ टक्के परिणामकारक" असंही सांगता येतं आणि तेही खरंच आहे. पण घरातल्या माणसाला विचाराल तर त्याला ७१ आणि ३० जास्त कळतात. धोरणाच्या कागदावर दोन्ही आकडे शेजारीशेजारी हवेत असं माझं ठाम मत आहे.

पानगळ

मी डॉक्टर आहे. वाटसरू, आकडा का हलतो ते सांगतो.

गोवराचा विषाणू आपल्या दृष्टीने जवळपास तसाच राहतो. फ्लूचा विषाणू पृष्ठभागावरची प्रथिनं सतत थोडीथोडी बदलत राहतो, त्यामुळे गेल्या वर्षीची प्रतिकारशक्ती यंदा अपुरी पडते. हे पहिल्यांदा कळलं १९४७ मध्ये. अमेरिकेत १९४५ ला परवाना मिळालेली लस दोन वर्षांत कुचकामी ठरली, कारण विषाणू पुढे निघून गेला होता. तेव्हापासून जगभर पहारा बसवावा लागला. जागतिक आरोग्य संघटनेचं जाळं १९५२ पासून आहे. वर्षातून दोनदा बैठक होते: उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत, दक्षिणेसाठी सप्टेंबरात. लशीत कुठले विषाणू घालायचे ते तिथे ठरतं.

फेब्रुवारीत ठरवलं तर लस दंडात जाते शरद ऋतूत. मधले सहासात महिने लस तयार करण्यात जातात, कारण बहुतेक लस आजही कोंबडीच्या अंड्यांत वाढवतात. तेवढ्यात विषाणू वळला तर? २०१४ मध्ये तेच झालं. एच३एन२ या फ्लूच्या उपप्रकाराची निवड झाल्यावर वेगळीच शाखा पसरली आणि अमेरिकेत त्या मोसमात परिणामकारकता १९ टक्क्यांवर राहिली. २००४-०५ मध्ये १० टक्के होती, २०१०-११ मध्ये ६०. शिवाय अंड्यात वाढताना एच३एन२ स्वतःच अंड्याला जुळवून घेतो आणि माणसांत फिरणाऱ्या रूपापासून दूर जातो. निवड अचूक असूनही लस कमी पडते ती कधीकधी त्यामुळे.

म्हणून एका वर्षाचा आकडा पाहून धोरण बदलू नये, आणि एका चांगल्या वर्षाचा आकडा पाच वर्षं मिरवूही नये.

अवांतर: पहाऱ्यामुळे धोरण बदलल्याचं एक स्वच्छ उदाहरण अलीकडचं आहे. फ्लूच्या बी विषाणूची यामागाता शाखा मार्च २०२० नंतर खात्रीने कुठेच सापडलेली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती लशीतून काढावी असं सांगितलं आणि चार घटकांची लस पुन्हा तीनवर आली.

निळाई

धाग्याबद्दल मनापासून आभार. मी विषाणूंच्या प्रयोगशाळेत काम करते. ते १९ आणि ६० टक्के जिथून येतात ती जागा दाखवते, कारण तिथेही जिना आहे.

दवाखान्यात खोकला-ताप घेऊन माणूस येतो. नाकात खोलवर काडी घालून स्वॅब घेतात, गुलाबी द्रवाच्या नळीत बुडवून थंड डब्यात आमच्याकडे पाठवतात. आम्ही पीसीआर करतो, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधायची तपासणी. पॉझिटिव्ह आलेल्यांत लस घेतलेले किती आणि निगेटिव्ह आलेल्यांत किती, याची तुलना करायची. ही पद्धत फ्लूच्या लशीसाठी कॅनडात २००४-०५ च्या मोसमात पहिल्यांदा वापरली, आता जगभर तीच चालते. तिची खुबी अशी की दोन्ही गटांतली माणसं आजारी पडून स्वतःच्या पायांनी दवाखान्यात आलेली असतात. शैलजाताईंच्या वरच्या मजल्याचा घोळ त्यामुळे बराच कमी होतो.

बराच. पूर्ण नाही. स्वॅब कितव्या दिवशी घेतला ते पाहा. आठव्या दिवशी आलेल्याच्या नाकात विषाणू बहुधा उरलेलाच नसतो. त्याला फ्लू झालेला असूनही तो निगेटिव्हच्या ढिगात जातो आणि लस आहे त्यापेक्षा दुबळी दिसते. दुसरं, अर्जावर एक ओळ असते: "या मोसमात फ्लूची लस घेतली का?" समोर तीन चौकोन: हो, नाही, माहीत नाही. घाईत असलेला माणूस दुसरीच कुठली तरी लस आठवून 'हो' करतो. मी असे अर्ज शेकड्यांनी पाहिले आहेत. जिथे लसीकरणाची नोंद थेट नोंदवहीतून मिळते तिथले आकडे मला जास्त भरवशाचे वाटतात.

तटस्थ

विषय चांगला आहे, पण धोरण करणाऱ्यांच्या चुकांबद्दल कुणी लिहीत नाहीये. १९७६ आठवा. अमेरिकेतल्या फोर्ट डिक्स छावणीत एक सैनिक स्वाइन फ्लूने गेला. २४ मार्चला अध्यक्ष फोर्ड यांनी अख्ख्या देशाला लस देण्याची घोषणा केली. ऑक्टोबरात सुरुवात झाली, चार कोटींहून जास्त लोकांना टोचलं, आणि साथ आलीच नाही. उलट गियाँ-बारे या लुळेपणाच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि १६ डिसेंबरला मोहीम बंद करावी लागली. २००९ च्या साथीत वापरलेल्या एका लशीनंतर फिनलंड आणि स्वीडनमध्ये मुलांना नार्कोलेप्सी झाली, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा आजार. तो बरा होत नाही. माझ्या ओळखीत यातलं कुणी नाही, पण ज्यांच्या घरात झालं त्यांना "पुरावा" म्हणून काय दाखवणार?

शैलजा

तटस्थ, तुम्ही हे लिहिलंत ते बरं झालं. दोन्ही घटना खऱ्या आहेत आणि लसीकरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी त्या आपणहून सांगायला हव्यात.

१९७६ चा धोका मोजला गेला: लस घेतलेल्या दर लाखात साधारण एक जास्तीचा रुग्ण. साथ भयंकर असती तर हा धोका पत्करण्याजोगा ठरला असता. साथच नसताना एकही रुग्ण जास्त. सरकारने नंतर स्वतःच या प्रकरणाची चिकित्सा करवून घेतली. तिचा एक निष्कर्ष मला आजही लागू वाटतो: मार्चमध्ये दोन वेगळे निर्णय एकाच गाठोड्यात बांधले गेले. लस बनवून ठेवायची, हा एक. ती लोकांना टोचायची, हा दुसरा. पहिला लगेच घ्यावाच लागतो. दुसरा उन्हाळ्यात थांबून, पुन्हा पाहून घेता आला असता, कारण जूनपर्यंत छावणीबाहेर विषाणू पसरल्याची चिन्हं नव्हती. पुन्हा पाहायचा दिवसच कुणी ठरवलेला नव्हता.

नार्कोलेप्सीच्या बाबतीत ऑगस्ट २०१० मध्ये फिनलंड-स्वीडनच्या यंत्रणांनीच इशारा दिला. सुरुवात डॉक्टरांनी कळवलेल्या रुग्णांवरून झाली, आणि लशीची नोंद आणि आजाराची नोंद एकमेकींना जोडता येत असल्यामुळे धोका मोजता आला. ज्या देशांत अशी जोड नाही तिथे काय झालं असतं, याचा विचार मला अस्वस्थ करतो.

मधुरा

मी पाचव्या महिन्यात आहे. डॉक्टरांनी फ्लूची लस सुचवली. धागा वाचून गोंधळले आहे. १९६० च्या शिफारशीत गरोदर स्त्रियांची चाचणी नव्हती म्हणता, मग आता आहे का?

पानगळ

आहे. निश्चिंत होऊन वाचा.

या विषयातली मला सगळ्यात आवडती चाचणी बांगलादेशातली आहे. २००४-०५ मध्ये ३४० गरोदर स्त्रियांना शेवटच्या तिमाहीत चिठ्ठी टाकून दोनपैकी एक लस दिली: फ्लूची किंवा न्यूमोकोकसची (न्यूमोनिया करणारा एक जिवाणू). म्हणजे कुणालाही रिकामी सुई नाही. बाळं जन्मल्यावर सहा महिने पाहिलं. न्यूमोकोकसची लस घेतलेल्या आयांच्या बाळांत १६ जणांना तपासणीत सिद्ध झालेला फ्लू झाला, फ्लूची लस घेतलेल्या आयांच्या बाळांत ६ जणांना. ६३ टक्के कमी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला स्वतःला फ्लूची लस देता येत नाही. आईची प्रतिद्रव्यं नाळेतून जातात, तेवढंच त्याचं कवच.

सोळा आणि सहा हे आकडे लहान आहेत म्हणून पुढे दक्षिण आफ्रिका, माली आणि नेपाळमध्ये मोठ्या चाचण्या झाल्या. बाळांचं संरक्षण तिन्हीकडे दिसलं, पण ६३ पेक्षा कमी, साधारण ३० ते ५० टक्के. म्हणजे पहिली चाचणी आशावादी होती, दिशा बरोबर होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये गरोदर स्त्रियांना अग्रक्रम दिला. पाचव्या महिन्यात घ्यायला हरकत नाही. तुमच्या डॉक्टरांचा सल्ला योग्य आहे.

मधुरा

सोळा आणि सहा. हे कुणी आधी असं सांगितलंच नव्हतं. मनापासून आभार, डॉक्टर. उद्या घेते.

अनिरुद्ध

मुलांना द्यावी की म्हाताऱ्यांना, यावर कुणी बोलेल असं वाटलं होतं. मला या वादात सगळ्यात जास्त रस आहे.

म्हाताऱ्यांची प्रतिकारशक्ती लशीला मंद प्रतिसाद देते. मुलांची चांगला देते, आणि फ्लू घरात आणतात तीच. मग मुलांना टोचून आजी-आजोबांना वाचवावं का? जपानने हे करून पाहिलं. १९६२ पासून शाळकरी मुलांना लस, १९७७ पासून सक्तीने. मग फायद्याबद्दल शंका आणि दुष्परिणामांचे खटले सुरू झाले, १९८७ मध्ये सक्ती सैल झाली, १९९४ मध्ये कार्यक्रमच थांबला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात दिसलं की कार्यक्रम चालू असताना हिवाळ्यातले जास्तीचे मृत्यू उतरले होते आणि बंद झाल्यावर पुन्हा चढले. त्यांच्या हिशेबाने दर ४२० मुलांच्या लसीकरणामागे एक मृत्यू टळत होता. मुलांचा फायदा मोजून कार्यक्रम बंद केला, आणि फायदा दुसऱ्याच खोलीत होता.

शैलजा

अनिरुद्ध, जपानची गोष्ट मलाही पटावीशी वाटते, म्हणूनच जरा सावध राहते. ती आधी-नंतरची तुलना आहे. त्याच तीसेक वर्षांत जपानमध्ये राहणीमान, वृद्धांची संख्या, उपचार, सगळंच बदललं.

तुमच्या मुद्द्याला जास्त भक्कम आधार कॅनडात आहे. हटराइट नावाचा पंथ सामूहिक शेती करत लहान, बऱ्यापैकी अलग वस्त्यांत राहतो. मार्क लोब यांच्या गटाने २००८-०९ मध्ये अशा ४९ वस्त्या घेतल्या आणि चिठ्ठ्या वस्त्यांच्या टाकल्या, माणसांच्या नाही. काही वस्त्यांतल्या मुलांना फ्लूची लस, बाकी ठिकाणी हेपटायटिस ए ची. मग पाहिलं कुणाकडे? लस न घेतलेल्यांकडे! हेपटायटिसच्या वस्त्यांत त्यांच्यातल्या ७.६ टक्क्यांना फ्लू झाला, फ्लूच्या लशीच्या वस्त्यांत ३.१ टक्क्यांना. मुलांना टोचल्यामुळे न टोचलेल्यांना मिळालेलं संरक्षण ६१ टक्के. समूहाच्या संरक्षणाचा इतका स्वच्छ पुरावा फ्लूत दुसरा मला माहीत नाही.

ब्रिटनने २०१३ पासून मुलांना नाकात फवारायची लस टप्प्याटप्प्याने सुरू केली. सगळ्या मुलांना एकदम नाही. काही भागांतल्या प्राथमिक शाळा आधी, बाकी नंतर. त्यामुळे तुलनेला शेजारचा भाग आपोआप मिळाला. मी धाग्यात म्हटलं ते हेच: पैसा आणि मनुष्यबळ नाहीतरी एकदम पुरत नाही, मग कोण आधी आणि कोण नंतर हे विचार करून ठरवा. थोडं थांबावं लागतं, पण त्या थांबण्यातून उत्तर मिळतं.

निळाई

त्या नाकातल्या फवाऱ्याचीच गंमत नाही, चिंता सांगते. अमेरिकेच्या सल्लागार समितीने २०१४ मध्ये लहान मुलांना सुईपेक्षा फवारा द्यावा म्हटलं, आणि जून २०१६ मध्ये फवारा वापरूच नका असं सांगितलं. २०१५-१६ च्या मोसमात त्यांच्या मोजणीत परिणामकारकता ३ टक्के आली होती. त्याच मोसमात ब्रिटनच्या मोजणीत ती ५० टक्क्यांच्या वर होती आणि ब्रिटनने कार्यक्रम चालू ठेवला. पद्धत एकच, स्वॅबची. अमेरिकेने २०१८-१९ साठी फवारा परत आणला, मधल्या काळात त्यातला एच१एन१ चा घटक बदलला गेला. आम्ही प्रयोगशाळेत यावर आठवडे बोलत होतो. दोन जाणत्या समित्यांनी आपापल्या देशाच्या नोंदी पाहून उलट निर्णय घेतले, आणि दोघींनी कारणं लिहून जाहीर केली. मला दोघींबद्दल आदर वाटला.

वाटसरू

+१. कारणं लिहून जाहीर करणं महत्त्वाचं. आणखी एक विचारतो: दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांवर सक्ती असावी का?

पानगळ

मी घेतो, माझ्या सहकाऱ्यांनाही आग्रह करतो. सक्तीच्या बाजूने मात्र पुरावा लोकांना वाटतो तितका भक्कम नाही. वृद्धाश्रमांतल्या चार चाचण्यांवर तो उभा आहे. कर्मचाऱ्यांना लस दिली तर वृद्धांचे मृत्यू बरेच घटले असं त्यांत दिसलं. २०१७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी हिशेब मांडला: ते आकडे देशभर लावले तर फ्लूने एकूण जितकी माणसं मरतात त्याहून जास्त वाचल्याचं निघतं. म्हणजे शैलजाताईंचा सिमोनसेनवाला प्रश्न पुन्हा. कॅनडातल्या ओंटारिओत "लस घ्या नाहीतर मास्क लावा" हा नियम २०१५ मध्ये लवादाने पुराव्याअभावी रद्दच केला. आजारी असताना कामावर न येण्याची मुभा, भरपगारी रजा, हे आधी द्यावं असं माझं मत. तापलेल्या अंगाने कामावर आलेली सिस्टर मी अनेकदा पाहिली आहे, रजा नाही म्हणून.

अनिरुद्ध

आणि ज्येष्ठांच्या जास्त मात्रेच्या लशीचं काय? चौपट घटक असलेली म्हणतात ती.

शैलजा

तिच्यासाठीच डेन्मार्कबद्दल लिहायचं राहिलं होतं. २०१४ मध्ये ३१,९८९ ज्येष्ठांवरच्या चाचणीत ती लस साध्या लशीपेक्षा २४ टक्के सरस ठरली, पण ते साध्या फ्लूबाबत. रुग्णालयात भरती व्हावं लागणं टळतं का, हे कळायला लाखो माणसं लागतात. डेन्मार्कने तेवढी माणसं आणली. तीन मोसम, पासष्टीपुढचे ३ लाख ३२ हजार जण, चिठ्ठी टाकून साधी किंवा जास्त मात्रेची लस. वेगळ्या तपासण्या नाहीत, वेगळे फेरे नाहीत. पुढे कोण भरती झालं ते राष्ट्रीय नोंदवहीतून आपोआप कळलं. २०२५ मध्ये निकाल आला. फ्लू किंवा न्यूमोनियामुळे भरती, हा मुख्य प्रश्न आधीच जाहीर केलेला होता: साध्या लशीत ०.७३, जास्त मात्रेत ०.६८ टक्के, म्हणजे खात्रीने फरक म्हणता येणार नाही इतका. केवळ फ्लू अशी नोंद झालेल्या भरती मात्र चाळीस टक्क्यांहून कमी.

कुणी पहिला आकडा घेऊन लस निरुपयोगी म्हणेल, कुणी दुसरा घेऊन जाहिरात करेल. मला आनंद याचा आहे की वाद आता चिठ्ठ्यांच्या निकालावर होतो आहे. कोण जिना उतरू शकला यावर नाही.

मोगरा

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मी एका वृद्धाश्रमात सिस्टर आहे. शैलजाताईंनी लिहिलेला नाही, दुसरा. पण आमच्याकडेही टेबल खालीच मांडतो. आजपर्यंत मनात आलं नव्हतं. लस घेतली त्यांची यादी आमच्याकडे नीट आहे, न घेतलेल्यांची नाही. काय करू?

शैलजा

मोगराताई, शीतपेटी आधी वरच्या मजल्यावर न्या, अंथरुणावरच्या माणसांपासून सुरुवात करा. संमतीपत्रं आठवडाभर आधी मुलामुलींकडून मागवा. यादीत एक रकाना वाढवा: दिली नाही, कारण काय. तो रकाना पुढे कुणा अभ्यासकाच्या हाती पडला तर माझ्यासारखीची चूक टळेल.

मोगरा

रकाना आत्ताच आखला. वर नऊ जण आहेत. त्यातल्या एका आजोबांना दोन दिवसांपासून चांगलाच ताप आहे, त्यांचं काय?

पानगळ

नुसती सर्दी किंवा किरकोळ कणकण असती तर द्या म्हटलं असतं. चांगला ताप आहे तर बरे होईपर्यंत थांबा, आधी तापाचं कारण पाहून घ्या. उतरला की लगेच द्या.

मोगरा

ठीक आहे डॉक्टर. त्यांच्या नावापुढे "पुढच्या खेपेला" लिहीत नाही. सोमवारी सकाळी तपासायचं, असं लिहिते.